बाई, ग्लास बाहेरून ओला कसा झाला?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेचं हे पत्र. जागेअभावी थोडं कमी करून देते आहे:

«मी बारावी कला शाखेतून केली, मग डी.एड. चौदा वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग घेतले. भाषा माझी आवडती. यंदा आमच्या पदवीधर सरांची बदली झाली, जागा भरली नाही आणि सहावी-सातवीचं सामान्य विज्ञान माझ्याकडे आलं. विज्ञानाचा तास आला की पोटात गोळा येतो. मी धडा वाचून घेते, उत्तरांखाली रेघा मारायला लावते, तास संपवते. पूर्वी एकदा मेणबत्ती आणि ताटातल्या पाण्याचा प्रयोग करून दाखवला होता. पाणी पाचवा हिस्सा चढेल असं सांगितलं आणि भलतंच झालं. मुलं हसली. त्यानंतर प्रयोग बंद. मागच्या आठवड्यात एका मुलाने विचारलं, "बाई, बर्फाचा ग्लास बाहेरून ओला होतो, तो गळतो का?" मला सांगता येईना. "पुस्तकात आहे तेवढंच बघ," असं मी त्याच्यावर ओरडले. तो खाली बसला आणि त्यानंतर त्याने एकदाही हात वर केला नाही. मुली तर आधीपासूनच गप्प. सहकारी म्हणतात, "प्रश्नोत्तरं लिहून द्या, झालं. एवढं कुठे मनाला लावून घ्यायचं?" विज्ञानाची भीती वाटणाऱ्या बाईने विज्ञान शिकवावं का? मुख्याध्यापकांना सांगून विषय बदलून घेऊ का?»

ताई,

विषय बदलून घेऊ नका. हे वर्ष नको आणि पुढचंही नको. बदलून घेतलात तर तो जाईल कुणाकडे? "प्रश्नोत्तरं लिहून द्या" म्हणणाऱ्यांकडेच ना? त्यांना विज्ञानाची भीती वाटत नाही, कारण त्यांनी ते मनावर घेतलेलंच नाही. तुम्हाला एका मुलाचा खाली गेलेला हात आठवडाभर टोचतो आहे. सहावी-सातवीच्या मुलांना अशी टोचणी लागणारी बाई हवी आहे. बाकीचं शिकता येतं.

मात्र शाळेला विज्ञान-गणिताचा शिक्षक मिळायलाच हवा, ही मागणी सोडू नका. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक असावा असं स्पष्ट लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून तो वर पाठवा, पोच घ्या. जागा भरेपर्यंत मुलं मात्र तुमच्या समोर बसलेली आहेत.

आता भीतीबद्दल. तुम्हाला वाटतं ही भीती तुमची एकटीची आहे, कला शाखेची आहे, बाईमाणसाची आहे. तसं नाही. स्कॉटलंडमध्ये 1990 च्या दशकात विन हार्लेन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शिक्षकांचा अभ्यास केला. विज्ञान शिकवताना ज्यांना आत्मविश्वास वाटत नव्हता, ते शिक्षक वेळ कशी मारून नेतात याची त्यांनी नोंद केली. विज्ञान जमेल तितकं कमी शिकवायचं. जो भाग थोडाफार येतो त्यालाच चिकटून राहायचं. छापील कागदांवर आणि पायऱ्या लिहून दिलेल्या साहित्यावर विसंबायचं. फसू शकेल असा प्रयोग हातात घ्यायचा नाही, आणि प्रश्न निघतील अशी चर्चा होऊ द्यायची नाही. तुमच्या पत्रातल्या ओळी आणि ही यादी शेजारी ठेवून पाहा. तिथले वर्ग वेगळे, भाषा वेगळी, पण घाबरलेला शिक्षक सगळीकडे याच वाटेने जातो. प्रश्न येऊ नये म्हणून तो वर्ग गप्प करतो.

मुलींच्या गप्प बसण्याकडे मला जरा जास्त थांबायचं आहे. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या सिअन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तो गणिताबद्दलचा आहे, विज्ञानाबद्दलचा नाही, पण तुमच्या वर्गाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं. पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिका होत्या. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींना वर्षाअखेर "गणित मुलांचं, वाचन मुलींचं" असं वाटण्याची शक्यता जास्त निघाली, आणि असं मानणाऱ्या मुली गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. मुली बाईंकडे पाहून शिकतात, आणि बाईंनी तोंडाने न सांगितलेलंही शिकतात. तुम्ही विज्ञानाचं पुस्तक कसं हातात घेता, घड्याळाकडे किती वेळा बघता, हे त्या पाहत असतात. तुम्हाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. पण हे दुसऱ्या बाजूनेही चालतं. अडलेली बाई त्यांच्या डोळ्यांसमोर खटपट करून मार्ग काढते, हेही त्या पाहतील.

आता त्या मुलाचा ग्लास. सोमवारी सगळ्यात आधी वर्गासमोर, त्या मुलाचं नाव घेऊन सांगा, "तू विचारलेल्याचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी चिडले. तुझा प्रश्न चांगला होता. आज तो आपण सगळे मिळून बघणार आहोत." एवढंच. लांबण लावू नका, माफीचं भाषण नको. मान जाईल असं वाटतंय ना? मी तीस वर्षं वर्गात काढली. असं सांगितल्यामुळे कुणा शिक्षकाचा मान गेलेला मी पाहिलेला नाही.

मग स्टीलचे दोन सारखे ग्लास घ्या. दोन्हीत सारखं पाणी, दोन्हीत हळद कालवा, चांगली पिवळीधमक. एकात बर्फ टाका. गावात बर्फ दुकानातल्या फ्रीजमध्ये मिळेल, पिशवीत गुंडाळून न्या. दोन्ही ग्लास बाहेरून कोरडे पुसा, वर झाकण्या ठेवा आणि मुलांना आधी विचारा: ग्लास गळत असेल तर बाहेरचं पाणी कोणत्या रंगाचं दिसायला हवं? आणि गळत असेल तर बर्फ नसलेलाही गळायला हवा ना? उत्तरं फळ्यावर लिहून घ्या. मग थांबा. बाहेर धरणारे थेंब बिनरंगी असतील, आणि फक्त गार ग्लासावर असतील. पांढऱ्या रुमालाने पुसून रुमाल वर्गभर फिरवा. पाणी आतून आलं नाही, हे तुम्ही सांगण्याआधीच कुणीतरी सांगेल. मग आलं कुठून? उरते हवाच. हवेत पाण्याची वाफ असते, डोळ्यांना न दिसणारी. गार पृष्ठभागाला लागून ती निवते आणि तिचे थेंब होतात.

पण एक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. तुम्ही माणमध्ये आहात आणि मार्च तोंडावर आहे. हवा कोरडीठाक. रत्नागिरीत हाच ग्लास पाहता पाहता थेंबांनी भरून जाईल. तुमच्याकडे थेंब उशिरा धरतील, थोडे धरतील, आणि बर्फ न टाकता नुसतं गार पाणी वापरलंत तर कदाचित धरणारही नाहीत. अशा वेळी "प्रयोग फसला" म्हणून ग्लास उचलू नका. खरा तास तिथून सुरू होतो. मुलांना विचारा, "घरात माठ आहे का? माठातलं पाणी कधी जास्त गार लागतं, आता की पावसाळ्यात?" तुमच्याकडची मुलं लगेच सांगतील, आता. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. पावसाळी हवेत आधीच वाफ भरपूर असते, म्हणून माठावरचं पाणी रेंगाळतं आणि माठ तितका गार होत नाही. म्हणजे ज्या दिवसांत माठ चांगला गार होतो, त्याच दिवसांत ग्लासाला घाम कमी येतो. मुलांना याचं कारण स्वतः जोडू द्या. एक तास कमी पडेल, पडू द्या.

घरातलं सगळं विज्ञानच आहे, बाई तर जन्मजात शास्त्रज्ञ, असलं गोड बोलणं तुम्ही ऐकलं असेल. मला ते पटत नाही. थंडीत विरजणाचं भांडं टॉवेलात गुंडाळायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण न गुंडाळलेलं दुसरं भांडं शेजारी ठेवून पाहिलंय का? ते दुसरं भांडं ठेवणं, म्हणजे विज्ञान. वरच्या प्रयोगातला बर्फ नसलेला ग्लास हेच काम करतो. तुम्ही ठेवायचं ते हे दुसरं भांडं, प्रत्येक वेळी. बाकी अनुभव तुमच्याकडे आहेच.

आता मेणबत्तीचं. तुम्ही फसलात असं तुम्हाला वाटतंय. ताई, त्या दिवशी फसलं होतं ते स्पष्टीकरण. हे मला नीट सांगू द्या, कारण हे मीसुद्धा नऊ वर्षं चुकीचं शिकवलं.

पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते असं: ताटात पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती आतला ऑक्सिजन संपवते, हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के, म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणून पाणी पाचवा हिस्सा वर चढतं. ऐकायला किती नेटकं! पण ऑक्सिजन जळून नाहीसा होत नाही. त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. ज्योत विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. आणि नीट पाहिलंत तर पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढतं. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढत असतं तर जळताना हळूहळू चढायला हवं होतं. खरं कारण बरंचसं उष्णतेचं आहे. ज्योतीमुळे तापून फुगलेली हवा ग्लासात अडकते. ग्लास खाली येताना काठाजवळून बुडबुडे निघतात, ती बाहेर पळणारी हवा. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, वाफेचं पाणी होतं, आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटातलं पाणी आत ढकलतो.

माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीने एकदा न विचारता दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी जास्त चढलं. ती म्हणाली, "बाई, ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी जास्त का?" मी तिला जागेवर बसवलं. तुमच्यासारखंच, त्याच आवाजात. रात्री घरी ताट घेऊन बसले. एक मेणबत्ती, दोन, तीन. दर वेळी पाणी आधीपेक्षा वर. रात्री अकरा वाजता मला कळलं की त्या मुलीचं बरोबर होतं आणि मी नऊ वर्षं पाठ केलेलं सांगत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. थोडा वेळ सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मग अजून काय काय चुकीचं शिकलोय आपण?" पुढचे दोन महिने आम्ही ते शोधत होतो. इतका जिवंत वर्ग मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

तेव्हा प्रयोग आदल्या रात्री घरी करून पाहायचा, हा माझा एकमेव कडक नियम. दोनदा करायचा. एकदा सांगितल्याप्रमाणे, एकदा मुद्दाम बिघडवून. मेणबत्ती एकाऐवजी दोन, पाणी गारऐवजी कोमट, ग्लास लहानऐवजी मोठा. त्यातून तुम्हाला वर्गात येणारे निम्मे प्रश्न आधीच भेटतात. आठवड्याला एक प्रयोग, त्याहून जास्त नको. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचं काम, हे सगळं तुमच्या मानेवर आहे हे मला माहीत आहे. एक प्रयोग निभेल. मेणबत्ती असेल त्या दिवशी पदर खोचा, मुलींना ओढण्या बांधायला लावा, वेण्या मागे.

शाळेतल्या कपाटाला अजून हात लावू नका. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवलेली काचेची भांडी फुटली तर कुणाच्या नावावर पडतील, या धास्तीने ती कपाटं कुलपात राहतात. तो वाद मुख्याध्यापकांशी पुढे कधीतरी करू. ॲसिडच्या बाटल्या तर कुणी जाणत्या माणसाने शेजारी उभं राहून दाखवल्याशिवाय उघडूच नका. पहिले सहा महिने ग्लास, ताट, फुगे, दोरा, आरसा, रिकाम्या बाटल्या एवढ्यावर निघतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं आणि व्हिडिओ फुकट आहेत. सुट्टीच्या दिवशी एकच खेळणं करून पाहा.

आणि वाचायला हवं, यातून सुटका नाही. "मला माहीत नाही, बघू या" हे वाक्य विज्ञानाच्या तासाला शोभतं, पण महिन्यातून तीस वेळा म्हटलं आणि एकदाही पाहिलं नाही तर त्याही पाट्या टाकणंच. बालभारतीची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. सहावीचा धडा घेण्याआधी तोच विषय वरच्या इयत्तेत कसा पुढे जातो ते वाचा. तुमची भाषा चांगली आहे, हा इथे मोठा फायदा आहे. बाष्पीभवन, संघनन हे शब्द मुलांना देण्याआधी तुम्ही त्यांना "पाणी उडून जातं" आणि "वाफेचं पुन्हा पाणी होतं" असं बोलायला लावाल. विज्ञानाचे पदवीधर हे बरेचदा विसरतात.

वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावा. ज्याचं उत्तर तासाला मिळालं नाही तो प्रश्न त्यावर, विचारणाऱ्याच्या नावासकट. शुक्रवारी त्यातला एक तरी प्रश्न घ्यायचाच. ही कल्पना माझी नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा सरकारी शाळांमध्ये एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर गेला, शेकडो शाळांत. तिथे मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं पाठवत, मनात येतील ते प्रश्न विचारत, आणि त्यांना उत्तरं जात. शिकवणारे कोण? तुमच्यासारखेच साधे शिक्षक, त्यातल्या अनेकांचा विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे बसून ते मुलांच्या पुस्तकातला प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करत, आपसांत भांडत, चुकत. दर महिन्याला भेटून कुठे अडलं ते बोलत. त्यांच्यातलेच काही पुढे इतरांना शिकवू लागले. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण तीस वर्षं तो त्याच शिक्षकांनी चालवला, हेही खरं आहे.

दर महिन्याला भेटण्याची सोय तुमच्याकडेही आहे. तुमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्या. हळदीचे दोन ग्लास घेऊन जा आणि बाकीच्या शिक्षकांना विचारा, ग्लास गळतो का? किती जण तुमच्याइतकेच गडबडतात ते तुम्हाला दिसेल. दुसऱ्या शाळेतली एखादी बाई तास संपल्यावर येऊन हळूच म्हणेल, मलाही हे येत नव्हतं. तिचा नंबर घ्या. दोघी असलात की रात्री ताट घेऊन बसणं सोपं जातं.

"पोर्शन कसा पुरा होणार" ही तुमची पुढची चिंता असेल. मूल्यमापनाच्या नोंदी काढून पाहा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, तोंडी काम आहे, दैनंदिन निरीक्षण आहे. एवढी वर्षं आपण ते रकाने अंदाजाने भरत आलो. आता खरे भरा.

बर्फ आणायला जमलं नाही त्या आठवड्यासाठी एक बिनखर्ची काम देऊन ठेवते. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा आणि बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत जा. सावली सगळ्यात आखूड नेमकी बाराला होते असं आपण सगळेच म्हणतो. तुमच्या गावी ती ऋतूप्रमाणे साधारण सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान सगळ्यात आखूड होते, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे. डिसेंबरअखेर हीच सावली 85 ते 90 सेंटीमीटर भरते. मे महिन्यात दहा तारखेच्या आसपास ती जवळजवळ नाहीशी होते, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. तोच दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला परत येतो. ढग नसले तर मुलांना बघायला मिळेल. या कामात हरणं-जिंकणं नाही, पुस्तक नाही, आणि तुम्हालाही उत्तर आधीपासून पाठ असण्याची गरज नाही. तुम्ही आणि मुलं एकाच वेळी पाहाल. तुमच्यासारख्या घाबरलेल्या शिक्षकांना मी नेहमी इथून सुरुवात करायला सांगते.

त्या मुलाला सावलीचे खडे ठेवायचं काम द्या, आणि आकडे लिहायला एका मुलीला बसवा, शक्यतो सगळ्यात गप्प असते तिला. "जमेल का?" असं तिला विचारू नका, वही हातात द्या.

आणि ग्लासाचे थेंब धरायला आता किती मिनिटं लागली ते तारखेसकट भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवा. जूनमध्ये शाळा भरल्यावर, पहिले दोन पाऊस झाले की तेच ग्लास, तीच हळद, तेवढाच बर्फ पुन्हा मांडा. तेव्हाची मिनिटं मला कळवा.